पेव

शनिवारी रात्री, हरिपूर रस्त्याला,
आवटींच्या अडतीच्या माडीवर
आम्ही चौघं आयर्लंडला जातो.

वर्धमान नकाशा पसरतो.
पोत्यांच्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवून केलेला,
डोंगर उचलून पाहिला तर मागं लॉट नंबर, वजन, तूट.
"साल अकराशे नव्वद," तो म्हणतो.
"राजा म्हणजे ज्याच्याकडे गायी जास्त.
दुसऱ्याच्या पळवल्या की आणखी थोडा राजा."
"मग दूध संघच हाय की," मुबीन म्हणतो.

मुबीन सतारमेकर. दिवसभर मिरजेत भोपळे तासतो,
रात्री आंधळा वीणाकरी होतो.
त्याच्या वीणेत तीन सूर :
एकानं हसू, एकानं रडू, एकानं झोप.
झोपेचा खरा असतो म्हणे,
जवारी काढता काढता त्याचे अब्बा तसेच कलंडायचे.

शिवलीलाच्या जादूगारणीला एक पथ्य आहे.
तिकडे प्रत्येक मोठ्या माणसाला असतं,
मोडलं की मरण.
तिचं : दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही.
"ते मला घरी पण आहे," ती म्हणते
आणि शेंगदाणे सोलत राहते.

मी विश्रामबागच्या मेडिकलमधली.
खेळात धुकं बोलावते.
सात शनिवार झाले, अजून आलेलं नाही.

तिथली अक्षरं दगडाच्या धारेवर खाचा पाडून लिहितात,
बोटांवरही वाचता येतात.
वर्धमाननं खिशातला रुमाल काढला,
माझा हात त्याखाली घेतला,
दोन बोटं दाबली, मग चार, मग मनगटाजवळ एक टिचकी.
आजोबांचा सौदा असाच व्हायचा, तोंडानं एक शब्द नाही.
दगडावर काय लिहिलंय ते मला कळलं :
आत जाऊ नका.

तर आम्ही टेकडीशी उभे.
"या टेकड्यांना तिकडे 'शी' म्हणतात," वर्धमान म्हणाला,
आणि आम्ही दहा मिनिटं हसलो,
मुबीनला ठसका लागला.

वर्धमान हसला नाही. सांगत राहिला.
टेकडीला तोंड आहे, माणूस जेमतेम मावेल एवढं.
वर माती, मातीखाली फरशी, फरशीखाली पाला.
आत घेर वाढत जातो, रांजणासारखा.
पंचवीस फूट. भिंती पिवळ्या.
आत वर्षं जातात, वर एक रात्र जाते.
उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही.

शेंगदाणे थांबले.
हे आयर्लंड नव्हतं हे आम्हाला
कंदिलाच्या आधीच, पाल्यापाशी कळलं होतं.

"त्या दिवशी भाव चढला होता," तो म्हणाला,
"गाडी रस्त्यावर उभी होती."
कोण, ते कुणी विचारलं नाही.
"सिदू कांबळे. मला खांद्यावर बसवून
संगमावर न्यायचा. कंदील कोनाड्यात होता.
आमच्याच."

मग परत खेळातल्या आवाजात :
"टेकडीतले लोक एक माणूस परत देतील.
किंमत विचारू नका. फासा कोण टाकतंय?"

मुबीननं टाकला.
दहा बाजूंचा, हिरवा, पुण्याहून मागवलेला.
नकाशावरनं समुद्र ओलांडून
तो फळ्यांच्या फटीतून खाली गोदामात पडला,
पोत्यांवर, आवाजही आला नाही.

टॉर्च चौघांच्याही फोनमध्ये होता.
शिवलीला म्हणाली, दार वाजलं का?
वाजलं नव्हतं.
तरी ती उठली, जिन्याचं दार उघडून
थोडा वेळ तिथं उभी राहिली.
बाहेर चिंचा, खाली नदी,
आणि पहिल्यांदाच, मी न बोलावता,
रस्त्यावर थोडं धुकं.

पुढच्या शनिवारी नवा फासा आला.
जुन्याचा आकडा वहीत लिहायची जागा
वर्धमाननं मोकळी ठेवली आहे.